आधी सिस्टर, मग सेन्सर?

छातीवर चिकटवायची एक पट्टी, बोटाला लावायचा चिमटा, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचलेली दोन-चार छोटी यंत्रे आणि सिस्टरच्या टेबलावर एक पडदा. रुग्णाची नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन यांची नोंद दर मिनिटाला त्या पडद्यावर बिनतारी येत राहते. सरकारी रुग्णालयांत असे काही बसवावे, अशी सूचना कोणी केली की एक उत्तर हमखास ऐकू येते: आधी सिस्टर भरा, मग सेन्सर आणा. उत्तर सुटसुटीत आहे, सभेत टाळ्या घेते आणि बोलणारा गरिबांच्या बाजूचा आहे हेही परस्पर ठरून जाते. सिस्टर भरा, या मागणीशी माझा काडीचाही वाद नाही. एकीची भरती होईपर्यंत दुसऱ्याने दाराबाहेर थांबावे, हा जो क्रम त्यात गृहीत धरला आहे तो मला मान्य नाही. सिंधुदुर्गातल्या आचऱ्यासारख्या गावातून पाहिले तर तो क्रम उलटाच दिसतो.

मुळात आज रात्री पहारा कोण देते ते पाहू. भारतीय परिचर्या परिषदेचे माप सांगते, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. ज्यांनी सरकारी वॉर्डात रात्र काढली आहे त्यांनी हे माप वाचून हसावे की रडावे, ते ज्याचे त्याने ठरवावे. रात्रपाळीची सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते. इंजेक्शने, सलाईन, नवी भरती, केसपेपर, मध्येच एखादी प्रसूती. टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, कागद ती काही तासांनी एकदा भरते. त्यातला ताप थर्मामीटर सांगतो, नाडी मनगट सांगते. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजावे लागतात आणि तेवढे मिनिट तिच्याकडे नसते. म्हणून जगभरच्या रुग्णालयांत श्वासाच्या रकान्यात ओळीने 18 किंवा 20 लिहिलेले सापडते. मरणाकडे निघालेल्या माणसाचा श्वास बहुतेक वेळा सगळ्यांत आधी बदलतो आणि नेमका तोच रकाना अंदाजाने भरला जातो. हा दोष सिस्टरचा नाही. एका माणसाला तीस जागी एकाच वेळी उभे राहता येत नाही, एवढेच ते आहे.

मग पहारा देतो तो नातेवाईक. खाटेशेजारी फरशीवर चादर टाकून पडलेली बायको, सून, बहीण. सलाईन संपत आले की हाक तिने मारायची, घरघर वाढली की धावायचे तिने. दिवसभर मासळीच्या टोपल्या वाहून किंवा काजूच्या बागेत राबून आलेल्या बाईला पहाटे तीनला झोप लागते आणि पुढे आयुष्यभर ती सांगत राहते, ‘माझो जरासो डोळो लागलो.’ यंत्र आले तर माणसाचा स्पर्श हरवेल, असे जे म्हणतात त्यांनी कोणाच्या स्पर्शाबद्दल आपण बोलतो आहोत ते एकदा नीट सांगावे. डॉक्टरचा हात त्या वॉर्डात रात्री नसतोच. सिस्टरचा हात सुईपुरता आणि बाटलीपुरता येतो. उरतो तो या बाईचा जागता हात. त्याचे मोल मोठे आहे, पण त्याला पगार नाही, प्रशिक्षण नाही, आणि चूक झाली तर पश्चात्ताप मात्र सगळा तिच्या वाट्याचा.

स्पर्शाच्या बाजूने कोकणात एक उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते आहेही मोठे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाच्या दंशाने पोरे मरत होती. बावस्करांकडे रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि स्वतःचे डोळे एवढेच होते. ते रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसले, तासातासाला काय बदलते ते टिपत गेले. उलट्या, दरदरून घाम, गार पडणारे हातपाय, चढणारा रक्तदाब आणि मग फुप्फुसात साचणारे पाणी, असा क्रम त्यातून उलगडला. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि जिथे गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, तिथे मृत्यू तुरळक झाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा पाहा, म्हणतात, सेन्सरवाचून झाले की नाही?

झाले. पण कशामुळे झाले? बावस्करांच्या हातातले यंत्र तेच होते जे प्रत्येक आरोग्य केंद्रात होते. इतरांना जे दिसले नाही ते त्यांना दिसले, कारण ते उठून गेले नाहीत. सहा तासांनी एकदा घेतलेल्या रक्तदाबात ते वादळ दिसलेच नसते. चढताना आणि उतरताना मध्ये सापडले तरच सापडते. म्हणजे हे उदाहरण अखंड नजरेच्या बाजूचे आहे. ती नजर एका असामान्य डॉक्टरने स्वतःची झोप देऊन मिळवली. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक खाटेसाठी एकेक बावस्कर नेमायची ज्यांची तयारी असेल त्यांनी सेन्सरला खुशाल नाही म्हणावे.

दुसरा आक्षेप यंत्र जाणणाऱ्यांचा असतो, म्हणून तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. कोकणातला पाऊस, ओल्या जांभ्याच्या जाड भिंती, जाणारी वीज. इथे बिनतारी संदेश टिकणार कसा? शिवाय ही यंत्रे बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात. त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही गर्दी असते, आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर हे तरंग शोषून घेते. पट्टीवर कूस बदलून झोपलेला रुग्ण स्वतःच तिच्या वाटेत आडवा येतो. रेडिओ दगा देतो याला इतिहासही आहे. 1998 मध्ये अमेरिकेत डॅलस शहरात एका दूरचित्रवाणी केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी घेतली आणि तिथल्या बेलर रुग्णालयातले हृदयरोग्यांचे बिनतारी मॉनिटर आंधळे झाले. त्यानंतर त्या देशाने रुग्णालयांच्या तरंगांसाठी वेगळा पट्टा राखून ठेवला.

पण या शंकेची खऱ्या वॉर्डात परीक्षा झालेली आहे. सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकतज्ज्ञांनी बार्न्स-ज्यूइश रुग्णालयातल्या हृदयरोग वॉर्डात 41 रुग्णांवर असे जाळे चालवले आणि 2010 मध्ये निकाल मांडला. बोटावरचा चिमटा दर अर्ध्या किंवा एका मिनिटाला नाडी आणि ऑक्सिजन मोजून भिंतीवरच्या रिलेकडे पाठवी, रिले पुढच्या रिलेकडे, असे करत मापन टेबलापर्यंत पोचे. एक वाट बंद झाली तर यंत्र दुसरी शोधी. निघालेल्या मापनांपैकी पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण होते 99.68 टक्के. गळती झाली ती भलतीकडेच: चिमट्याने घेतलेल्या मापनांतली वापरण्याजोगी निघाली 80.85 टक्के. एका रुग्णाच्या बाबतीत तर अर्धा टक्काही नाही. कारण तरंगांचे नव्हते, बोटाचे होते. रुग्ण हात हलवतो, जेवताना चिमटा काढून ठेवतो, शौचाला जातो आणि परत लावायचे विसरतो. हवेने साथ दिली, माणसाने दिली नाही, आणि आजारी माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? उपाय त्या अभ्यासकांनीच सुचवला: चिमटा निघाल्यावर थोडा वेळ वाट पाहायची आणि मग सिस्टरला तेवढेच सांगायचे, अमुक खाटेवरचा चिमटा लावा.

आता हे आचऱ्याकडे वळवून बघा. वीज जाणे ही आमची अडचण खरी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले तेव्हा मालवण-देवगडच्या कितीतरी वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या. पण पट्टी स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालते. रिले आणि टेबलावरचे यंत्र यांना इन्व्हर्टर पुरतो. मोबाइलचा टॉवर पडला तर बाहेरच्या जगाचा संबंध तुटेल, वॉर्डातला तुटायचे कारण नाही. अट एवढीच की हिशेब वॉर्डातल्या यंत्रातच झाला पाहिजे, दूरच्या शहरातल्या संगणकावर नव्हे. विकणारे लोक नेमके दुसरे विकतात, कारण मासिक भाडे त्यात असते. इथे आक्षेप घ्यायला हवा, आणि तो कोणी घेत नाही.

तिसरा मुद्दा घंटेचा. यंत्र सतत ओरडेल, सिस्टर कान बंद करील आणि खरी घंटाही वाया जाईल. हा आक्षेप घेणाऱ्यांकडे पुरावा भरपूर आहे, मीच त्यात भर घालतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात अतिदक्षता विभागांतल्या 77 खाटांवर 31 दिवसांत पंचवीस लाखांहून अधिक इशारे नोंदले गेले. ऐकू येणाऱ्या घंटा खाटेमागे दिवसाला 187. हृदयाचे ठोके बिघडल्याचे जे इशारे तज्ज्ञांनी तपासले त्यांतले सुमारे 89 टक्के खोटे निघाले. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2013 मध्ये सावधगिरीचे पत्रक काढले ते याचसाठी. साडेतीन वर्षांत घंटांशी निगडित 80 मृत्यू त्यांच्याकडे नोंदले गेले होते.

हे सगळे आकडे अतिदक्षता विभागाच्या सवयीचे आहेत, जिथे जरा खुट्ट झाले तरी घंटा वाजावी अशी मर्यादा लावलेली असते. अमेरिकेतल्याच डार्टमथ-हिचकॉक रुग्णालयाने 2007 च्या अखेरीस हाडांच्या शस्त्रक्रियांच्या साध्या वॉर्डात उलटा मार्ग धरला. ऑक्सिजन 80 च्या खाली गेला, नाडी 50 च्या खाली किंवा 140 च्या वर गेली, आणि तीही काही सेकंद तशीच राहिली, तरच निरोप थेट त्या रुग्णाच्या सिस्टरकडे. घंटा रुग्णामागे दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. तातडीने धावून वाचवण्याचे प्रसंग दर हजार रुग्णांमागे 3.4 वरून 1.2 वर आले, अतिदक्षतेत हलवण्याचे प्रमाणही जवळपास निम्मे झाले. हा अभ्यास आधी-नंतरच्या तुलनेचा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, हे सांगितलेच पाहिजे. आणि अशा पहाऱ्याने एकूण मृत्यू घटतात हे दर वेळी सिद्ध झालेले नाही, हेही. पण घंटांचा गोंगाट यंत्राच्या स्वभावातच आहे हे म्हणणे मात्र त्यापुढे टिकत नाही. मर्यादा माणूस ठरवतो.

आता खुद्द आचरा. हे मालवण आणि देवगड यांच्या मधले गाव वर्तमानपत्रांना आठवते ते गावपळणीला, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन अख्खे गाव गुराढोरांसकट तीन रात्री वेशीबाहेर जाते तेव्हा. पण इथला आजारी माणूस वेशीबाहेर जातो तो गावपळणीची वाट न पाहता. त्याला ‘पुढे पाठवतात’. आचऱ्याच्या आरोग्य केंद्रातून मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथून जिल्ह्याच्या मुख्यालयी ओरोसला, आणि तिथेही भागले नाही तर थेट गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शंभर किलोमीटरच्या पुढे. ओरोसला 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी बांबोळीची वाट अजून मोडलेली नाही. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर, नवे डॉक्टर, आणि पहिल्यापासून चौकशी. मागच्या रुग्णालयाच्या खाटेवरचा मॉनिटर मागेच राहतो, 108 रुग्णवाहिकेतला तिच्याबरोबर परत जातो.

माझ्या मते बिनतारी पट्टीचा खरा उपयोग या रस्त्यावर आहे, आणि तिची बाजू घेणारेही हे सहसा सांगत नाहीत. त्यांना शहरातला चकचकीत वॉर्ड दिसतो. आचऱ्याच्या पिरावाडीतली बाळंतीण आत रक्तस्राव चालू असताना रक्तदाब बराच वेळ टिकवून धरू शकते. त्याआधी नाडी चढते, हळूहळू, तासाभरात. मालवणला पोचल्यावर नाडी 118 दिसली तर ती 84 वरून चढली आहे की घाबरल्याने पहिल्यापासून तेवढीच आहे, हे डॉक्टरला कोण सांगणार? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा जागा फारशी दुखत नाही, सूजही नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ऑक्सिजनचा आकडा शेवटी पडतो. श्वासाची गती आणि खोली आधी बदलते. छातीवर लावलेली पट्टी आचऱ्यात लागली आणि ओरोसच्या खाटेवर उतरली, तर मधले सगळे तास तिच्याबरोबर पोचतात. तारेच्या मॉनिटरला हे जमत नाही, आणि सिस्टर गाडीत बसून गेली तर मागे केंद्रात कोणी उरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सरकारी मापात खाटाच मुळी सहा. तिथे वॉर्डभर जाळे विणण्याची गरज नाही. दोन-तीन पट्ट्या, एक टॅब्लेट आणि पुढच्या रुग्णालयात तीच नोंद वाचणारे यंत्र, एवढ्याने सुरुवात होते.

विरोधकांचा सगळ्यांत जड मुद्दा मी शेवटी ठेवला. सरकारी खरेदीतले यंत्र खोक्यातच मरते. 2021 मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला पीएम केअर्समधून मिळालेल्या दीडशे व्हेंटिलेटरपैकी बरेचसे बिघडलेले निघाले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेले. मान्य. यावर माझ्याकडे तोडगा नाही, फक्त एवढेच की या न्यायाने क्ष-किरण यंत्र, शीतपेटी, लिफ्ट, काहीच घेता येणार नाही. आणि तेच लोक सीटी स्कॅन मागताना हा मुद्दा विसरतात.

आता सुरुवातीच्या ‘आधी सिस्टर, मग सेन्सर’ या क्रमाबद्दल. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्यात कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात 18. उच्च न्यायालयाने नांदेडची स्वतःहून दखल घेतली. मग जे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले: कोणी म्हणाले औषधे नव्हती, कोणी म्हणाले माणसे नव्हती, प्रशासन म्हणाले रुग्ण शेवटच्या अवस्थेतच आले होते. कोण खरे हे ठरवायला मिनिटामिनिटाची नोंद हवी होती. कागदावरच्या टीपीआरने ते ठरत नाही, कारण तो नंतरही भरता येतो.

सिस्टरांच्या रिकाम्या जागा दरवर्षी आकड्यांत सांगितल्या जातात आणि दरवर्षी विसरल्या जातात, कारण रिकाम्या जागेने नेमके काय बिघडले ते कोणाला दाखवता येत नाही. सेन्सरचे जाळे ते दाखवू शकते. दोन वाजून दहा मिनिटांनी ऑक्सिजन पडला, निरोप गेला, दोन पंचावन्नपर्यंत खाटेजवळ कोणी पोचले नाही, कारण पाळीवरची एकमेव सिस्टर प्रसूतीच्या टेबलाशी होती. महिनाभराच्या अशा नोंदी हातात असतील तर भरतीच्या मागणीला अर्थ खात्यापुढे वजन येते. ‘आधी सिस्टर’ म्हणणाऱ्यांनी खरे तर हे यंत्र स्वतःहून मागायला हवे होते.

परिचारिकांच्या संघटनांना यात धोका दिसेल, आणि तो आहे. हीच नोंद उद्या उलटी फिरवून, ‘दोन पंचावन्नपर्यंत कुठे होतीस?’ म्हणून त्याच सिस्टरला नोटीस काढता येते. म्हणून पहिली अट: खरेदीच्या करारापूर्वीच लेखी नियम हवा की उशिराची नोंद पाळीवर किती माणसे होती या नोंदीसकटच वाचली जाईल, आणि ती एकट्या सिस्टरवर कारवाईचा आधार होणार नाही. दुसरी अट कातडीची. बोटावरचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश कातडीतून पाठवून मोजतो. 2020 च्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात यंत्र ठीक दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण गोऱ्यांत 3.6 टक्के तर काळ्यांत 11.7 टक्के होते. उन्हातान्हात होडीवर रापलेल्या आमच्या लोकांच्या बोटांवर तपासल्याशिवाय कोणताही चिमटा घेऊ नये. तिसरी अट मालकीची: नोंद रुग्णाची आणि रुग्णालयाची, पुरवठादार बदलला तरी वाचता येईल अशा रूपात, 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीत. आणि चौथी, जिच्यावर सगळे अडते: निरोप वाजेल तेव्हा तो कोणाच्या हातात वाजेल, त्याचे नाव रात्रपाळीच्या फलकावर लिहिलेले असावे. मालवणला ती व्यक्ती नसेल तर निरोप ओरोसला जावा, आणि ओरोसहून कोणीतरी मालवणला फोन करून त्या खाटेकडे माणूस धाडावा. यासाठी नवी जागा मंजूर करावी लागेल. ती मागा, याच प्रस्तावात मागा, आणि ती मिळेपर्यंत पट्ट्या कपाटात ठेवू नका.